काटेरी झुडपांच्या गावाचं आडनाव

माझ्या मुलाच्या घराच्या बेलवर दोन आडनावं होती. जर्मनीत बेलवर नुसतं आडनाव लावतात, म्हणजे माणूस कोण ते कळलं नाही तरी चालेल, घराणं कळलं पाहिजे. हे मला फार आवडलं होतं, आणि आमच्या ह्यांना तर त्याहून. वरती आमचं 'कर' लावलेलं आडनाव. लांबलचक, त्या इवल्या पट्टीत मावेना म्हणून बारीक अक्षरांत. खाली सूनबाईचं. ते आखूड, पण वाचायला घेतलं की जीभ अडखळायची. लिहिलेली निम्मी अक्षरं उच्चारायचीच नाहीत, असला कारभार. फ्रेंच आडनाव होतं ते. आता जर्मन मुलीचं आडनाव फ्रेंच कसं, तर तीच गोष्ट सांगायला बसलेय.

ते आडनाव मात्र इथे लिहिणार नाही. आमचंही नाही लिहीत, कारण एक लिहून दुसरं झाकणं बरं दिसत नाही. त्यांचं तर इतकं दुर्मिळ की लिहिलं की थेट घरच सापडायचं.

जर्मनीने फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला ना, तो उन्हाळा. लुडविग्सहाफेनच्या आमच्या गल्लीत गॅलऱ्या-गॅलऱ्यांतून झेंडे लागलेले, आणि आमच्या गॅलरीत लंगोट वाळत असायचे. मी आणि हे नातवासाठी गेलो होतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण सूनबाईची आई लग्नाआधीच गेलेली. घरी एकटे वडील, आमचे व्याही. नदीकाठच्या त्या भल्यामोठ्या रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून राबून निवृत्त झालेले, लाजरे, उंच, चालताना जरा वाकणारे. तेव्हा म्हटलं, आपणच जाऊ. डिंक, आळीव, खारीक, सगळं बॅगेत भरलं. विमानतळावरच्या माणसाने आळिवाची पुडी उघडून हुंगली, ते राहू द्या.

मुलगा झाला. गोरा, टकला, हनुवटी थेट ह्यांची. हे दिवसभर त्या हनुवटीकडे बघत बसायचे. बाराव्या दिवशी घरच्या घरी बारसं केलं, टोपलीलाच साडी बांधून पाळणा केला. नाव ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खिचडी वाढत होते, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, आडनावाचं एक सांगायचं होतं. महिन्याच्या आत श्टांडेसआम्टला कळवावं लागतं." श्टांडेसआम्ट म्हणजे त्यांचं जन्ममृत्यू नोंदणीचं ऑफिस. "आम्ही ठरवलंय, बाळाला हिचं आडनाव लावायचं."

ह्यांना वाटलं, थट्टा करतोय. हसले. मग हसू उतरलं.

"आणि पुढच्याला आपलं?"

"नाही बाबा, पहिल्याला लावलं तेच पुढच्यांनाही. इथला नियम आहे."

ह्यांनी ताट सरकवलं. चांगली मऊ मुगाची खिचडी, वर मेतकूट. "म्हणजे माझा नातू माझा नाही," एवढंच बोलले आणि गॅलरीत लंगोटांच्या मागे जाऊन उभे राहिले.

ह्यांना इतकं का लागलं ते कळायला आमचा कुलवृत्तांत माहीत हवा. आमच्या घराण्याचं ते जाडजूड पुस्तक. मूळ पुरुषापासून आजपर्यंत कोण कोणाचा मुलगा, कुठे गेला, काय केलं, सगळं. बँकेतली नोकरी सांभाळून ह्यांनी कितीतरी वर्षं त्यापायी पोस्टकार्डं लिहिली. लग्नकार्यात जेवायच्या आधी हे माणसं गाठायचे, "तुमच्या पणजोबांचं नाव काय?" लोक पंगत बदलून बसायचे. प्रुफं वाचायला मी असायचे. माझी शाळा सातवीपर्यंत, पण लिहायला-वाचायला खरं शिकले ती त्या प्रुफांवर. नियम असा होता की मुलग्यांची मुलं पुस्तकात, मुलींची नाहीत. मुलगी 'अमक्या घरी दिली' म्हणून एका ओळीत संपायची. नियम करणाऱ्या मंडळात हेही होते.

"हा कुठे बसणार त्यात?" त्या संध्याकाळी खोलीत मला म्हणाले. "हनुवटी माझी आणि नाव कुठल्या फ्रेंचाचं!"

मीही दमले होते, म्हटलं, "तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहिलंत माझं, आठवतं का? पहिलंही बदललं, आडनावही. एका दुपारीत दोन्ही गेली. आमच्या घरात कुणी ताट सरकवलं होतं?"

"ती रीत आहे."

"मग ही इथली रीत."

"हे बघ, उगाच शब्दाला शब्द वाढवू नको."

आणि मुलाशी बोलणं बंद. म्हणजे तसं पूर्ण बंद नाही, माझ्यामार्फत. मुलगा समोर बसलेला असायचा आणि हे मला म्हणायचे, "त्याला विचार, दूध आणायचंय का." तो मला म्हणायचा, "सांग, आणलंय." सूनबाई बाळाला घेऊन बघत राहायची. तिला मराठी फार येत नसे, पण अबोला कुठल्या भाषेत कळत नाही? एकदा मला मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आई, मी चूक केली का?" मी तिच्या हातात डिंकाचा लाडू दिला. दुसरं काय देणार.

तिने मग हळूहळू सांगितलं. तिच्या वडिलांना भाऊ नाही, चुलत्याला मुलं नाहीत. ती एकुलती. तिने आडनाव लावलं नाही पुढे तर ते संपलं. वडिलांनी कधी मागितलं नव्हतं. त्यांना तर अजून सांगितलंही नव्हतं. रविवारी येतील तेव्हा सांगायचं ठरवलं होतं.

रविवारी व्याही आले. हातात प्लमचा केक, घरी केलेला, मध्यभागी जरा खचलेला. बाळाला मांडीवर घेतलं, त्याने पायाचा अंगठा ताणला, व्याही खूश. तेवढ्यात मुलीने त्यांना सांगितलं. जर्मनमध्ये बोलत होती, पण आडनाव मध्ये आलं तसं आम्हाला कळलं. आम्हाला वाटलं, आता व्याही आनंदाने उड्या मारतील. कसलं काय! माणूस कानापर्यंत लाल झाला. आमच्या ह्यांच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "नाही नाही, कृपा करून तुमचंच लावा. माझ्या नावात काय आहे? शाळेत, ऑफिसात, डॉक्टरकडे, जन्मभर एकेक अक्षर सांगत आलोय. आणि इतकं करून कुणी बरोबर लिहिलं नाही. पोराला कशाला हा त्रास?"

आता हे जिंकले होते की नाही? गप्प बसायचं. पण नाही. ह्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. कुलवृत्तांताचं पोस्टकार्ड लिहितानाचा तो चेहरा.

"तुमचं मूळ गाव कोणतं?" ह्यांनी विचारलं.

"मूळ म्हणजे?"

"म्हणजे, आडनाव आलं कुठून?"

व्याह्यांनी खांदे उडवले. "आल्झो... म्हणजे... फ्रान्समधून. आजोबा म्हणायचे की आम्ही प्रॉटेस्टंट, म्हणून राजाने जगणं कठीण केलं, तेव्हा पळून आलो. तीनशेहून जास्त वर्षं झाली. मोजे विणायचे आमचे लोक. बाकी मला ठाऊक नाही."

"कुलदैवत?" हे मुलाला म्हणाले, "अरे, सांग ना त्यांना इंग्रजीत." विचारण्याच्या भरात आपण मुलाशी थेट बोललो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मुलानेही दाखवलं नाही. "घराण्याचा देव," तो म्हणाला.

व्याही विचार करून म्हणाले, "आमच्याकडे एकच आहे. तो सगळ्यांचाच आहे."

ते गेल्यावर हे खोलीत येरझारा घालत होते. "माणसाला आपलं मूळ गाव माहीत नाही म्हणजे काय! शिकलेला माणूस! नाव नको म्हणतो. अरे, आधी कळू तरी दे काय नको म्हणतोयस ते!" मला हसू येत होतं, मी ते पदरात दाबलं. नाव नको म्हणणाऱ्या माणसावर हे चिडले होते, आणि नाव होतं परक्याचं.

मग सुरू झाला उद्योग. मुलाने लॅपटॉप उघडून दिला. कुठलंसं पान होतं, आडनाव टाकलं की नकाशावर ठिपके पडायचे. त्यांचं टाकलं. अख्ख्या फ्रान्सवर एकही ठिपका नाही. जर्मनीत आमच्या आसपास दोन-चार, तेही फिकट. मग मुलाने गमतीत आमचं टाकलं. जर्मनीत आमचे ठिपके त्यांच्यापेक्षा जास्त! सगळे पुण्याचे इंजिनियर, दुसरं कोण. म्युनिकला एक, हॅम्बर्गला एक, स्टुटगार्टला तर घोळका. हे त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. आनंद झाला पाहिजे होता, पण तसं काही दिसलं नाही.

"आपण पुरून उरलोय," एवढंच म्हणाले.

आठवडाभर व्याही रोज संध्याकाळी येऊ लागले. दोघं म्हातारे भिंग घेऊन फ्रान्सच्या नकाशावर वाकलेले. आडनावाचा अर्थ लागला तो मात्र माझ्या मुलामुळे. त्याने ऑफिसातल्या एका फ्रेंच माणसाला विचारलं. तो म्हणाला, ह्यात दोन तुकडे आहेत, जर्मन पाद्र्यांनी कानावर पडलं तसं लिहिलं म्हणून एकमेकांत मुरून गेलेत. पुढे एक टीचभर तुकडा, 'अमक्या ठिकाणचा' अशा अर्थाचा, आणि मागे गाव. गावाच्या नावाचा अर्थ, काटेरी झुडपांची जागा.

ह्यांनी टेबलावर हात आपटला. बाळ दचकलं. "अहो, म्हणजे तुम्ही आमच्यातलेच की! आमच्याकडे बोरीवरून गाव, बाभळीवरून गाव, आणि गावावरून आडनाव. आमचं 'कर' शेपटीला लागतं, तुमचं डोक्याला लागलंय, एवढाच फरक."

मुलाने ते समजावलं. व्याही म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि पहिल्यांदाच स्वतःचं आडनाव सावकाश, चव घेतल्यासारखं उच्चारलं.

त्या नावाचं गाव नकाशावर सापडलं, सीमेपलीकडे, गाडीने दोनेक तास. हे म्हणाले, रविवारी जायचं. मूळ गाव कळलं आणि गेलो नाही असं होत नाही. मी म्हटलं मीही येणार, ह्यांच्या गोळ्या कोण देणार. सकाळी हेबाम्मे, म्हणजे बाळ-बाळंतीण बघायला घरी येणारी सुईण, येणार होती, आणि सूनबाईची मैत्रीणही सोबतीला होती, म्हणून निघता आलं. पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी डब्यात घेतली. आणि कुणाला न सांगता पिशवीत नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू. एशियन शॉपमधला नारळ, हलवून बघितला तर पाणी होतं. मूळ गावी रिकाम्या हाताने जायचं का?

गाव एवढंसं. दहा-वीस दगडी घरं, एक चर्च, तेही बंद. कुंपणांना खरोखर काटेरी झुडपं होती, हे मी आधी पाहिलं. व्याह्यांना दाखवलं, त्यांनी एका काट्याला बोट लावून बघितलं. मग सगळे कब्रस्तानात. हे एका रांगेत, व्याही दुसऱ्या, मुलगा तिसऱ्या. वाचत वाचत गेले, वाचत वाचत परत आले. ते आडनाव कुठेच नव्हतं. एका घरासमोर लाल फुलांना पाणी घालणारी म्हातारी होती, माझ्याच वयाची असेल. मुलाने तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं. तिने मान हलवली. असं आडनाव? ह्या गावात? जन्मात ऐकलं नाही.

व्याही चर्चच्या पायरीवर बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "बघा. इथेही नाही. इथूनही पुसलं गेलं. तुमच्या नातवाला तुमचंच नाव द्या हो. ते निदान आहे तरी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता काय बोलणार? ह्यांना हवं होतं ते तो माणूस दुसऱ्यांदा हातात देत होता, आणि ह्या वेळी लाजून नव्हे, दुखावून.

हे पायरीवर त्यांच्या शेजारी टेकले. गुडघा दुखतो म्हणून एक पाय लांब करून. आणि म्हणाले, "मी पंचविशीत होतो तेव्हा आमच्या मूळ गावी गेलो होतो. कोकणात, होडीतून उतरून चालत. वाटलं, आमच्या आडनावाची माणसं धावत येतील. एक नव्हता. सगळं गाव दुसऱ्याच आडनावांचं. मी रडकुंडीला आलो. तिथल्या देवळातला गुरव मला हसला. म्हणाला, अरे, गावात राहतो त्याला गावाचं नाव कोण लावील? इथे सगळे ह्याच गावचे. जो गाव सोडून गेला त्याला परमुलखात लोक विचारतात, कुठला रे तू? मग ते नाव चिकटतं."

मुलगा एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगत होता.

"तुमचा माणूस इथून मोज्यांचं सामान पाठीवर घेऊन निघाला," हे म्हणाले. "तिकडे कुणीतरी विचारलं, कुठला? त्याने हे गाव सांगितलं. त्या दिवशी तुमचं आडनाव जन्मलं. इथे नाही, तिथे. मग इथे शोधून कसं मिळेल? इथून ते पुसलं गेलेलं नाही. इथे ते कधी नव्हतंच."

व्याह्यांनी गावावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "माझ्या वडिलांना हे सांगायला हवं होतं." आणि टोपी डोक्यावर घातली.

आता नारळाचं काय करायचं? देऊळ नाही, चर्च बंद. मी सरळ त्या फुलांवाल्या म्हातारीकडे गेले. खुणेनेच म्हटलं, पुढे ये. मुलगा ओरडला, "आई, काय करतेस!" म्हटलं, गप्प बस, गावची बाई आहे, तीच देवी. कुंकू लावलं. तिने मुकाट्याने लावून घेतलं. ओटी भरायला लागले तशी तिने न सांगता एप्रन पुढे धरला. बायकांना हे कळतं कसं, देव जाणे. नारळ पडल्यावर त्याच्या वजनाने दचकली आणि खो खो हसली. मग आत जाऊन बरणी घेऊन आली, पिवळ्या इवल्या प्लमचा मुरंबा. माझ्या हातात दिली आणि गालाला गाल लावले. तो मुरंबा आम्ही पोळीशी खाल्ला, तिथेच पायरीवर, चौघांनी.

घरी आल्यावर ह्यांनी सूनबाईला नुसतं एवढंच म्हटलं, "लाव तुझंच." तिला ते मराठीतलंच कळलं. ती खाली वाकून नमस्कार करायला लागली तर हे म्हणाले, "बाळंतिणीने वाकू नये."

दोन दिवसांनी पुण्याला फोन लावला, कुलवृत्तांत मंडळाच्या चिटणिसांना. पुरवणी निघायची होती. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"हो, मुलाचाच मुलगा. आडनाव वेगळं आहे... अहो, नियम मला काय सांगता, मीच केलाय तो... बरं, मग दत्तक दिलेल्याचं काय करतो आपण? 'अमक्या घराण्यात दिला' असं लिहितो ना? का लिहितो? दुसऱ्याचा वंश बुडू नये म्हणून दिला, ते पुण्याचं काम म्हणून... मग तसंच लिहा... नाही बसत? नाही बसत तर माझंही नाव काढा त्यातून. एक ओळ मोकळी होईल तुम्हाला."

फोन ठेवला. व्याही गॅलरीत बसले होते, त्यांनी विचारलं, काही गडबड? हे म्हणाले, "काही नाही, पुण्यात पाऊस नाही म्हणतात."

पुरवणीत ती ओळ आली का? आली. 'फ्रेंच घराण्यात दिला' म्हणून आली. कंसात आडनाव. एक अक्षर चुकलंच, ह्यांनी छापल्यावर पेनने सुधारलं. आता व्याही राहिले नाहीत, आणि ह्यांना ऐकू कमी येतं. पण ते दिवस आठवले की मला आधी तो श्टांडेसआम्टचा दिवसच दिसतो.

आजोबांची तिथे काही गरज नव्हती. मुलाने दहादा सांगितलं, "बाबा, फक्त आईवडिलांच्या सह्या लागतात." ह्यांनी भर उन्हात कोट घातला. व्याहीही कोट घालून आलेले. खिडकीपलीकडच्या बाईने कागद बघितला, आडनाव दोनदा वाचलं आणि हसून म्हणाली, "सुंदर नाव आहे. आणि फार दुर्मिळ. कुठलं हो?"

सूनबाईने तोंड उघडलं होतं. व्याह्यांनीही घसा खाकरला होता. पण त्यांच्या आधी हेच पुढे सरकले, काउंटरवर कोपर टेकवलं आणि इंग्रजीत सुरू झाले. फ्रान्सचा राजा, प्रॉटेस्टंट लोक, काटेरी झुडपं, 'कर' आणि शेपटी आणि डोकं. आडनाव तर असं म्हणत होते की त्या घरचे लोक म्हणत नसतील. व्याही शेजारी उभे राहून प्रत्येक वाक्याला "गेनाऊ, गेनाऊ" करत होते. बाई पेन हातात धरून ऐकत होती. मागे रांग वाढत चालली होती. मी बाळाला सूनबाईकडून घेतलं आणि भिंतीकडेची खुर्ची बघून बसले. मला माहीत होतं, हे अजून मोजे विणणाऱ्यांपर्यंतही पोहोचले नव्हते.